शेततळ्यावरची बदकं कमी होतायत: आधी कुंपण, खुराडं की झटका तार?

तळ्याकाठी (लांजा, रत्नागिरी)

शेततळं 20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल, प्लास्टिक अस्तराचं. पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी आत घेतलंय, त्यामुळे एका बाजूला आवक आणि समोर सांडवा. तळ्यात रोहू-कटला आहेत. बदकं 40 खाकी कॅम्पबेल, पाच महिन्यांची. भोवती चेनलिंक कुंपण, 5 फूट उंच, 2 इंची चौकट. रात्रीसाठी बांबूच्या कामट्यांचं खुराडं, वर मंगलोरी कौलं. पंचवीसेक बदकं आत येतात, बाकीची पाण्यावरच राहतात.

तीन आठवड्यांत 9 कमी झाली:
5 रात्री गेली, कुंपणाबाहेर सांडव्याच्या अंगाला पिसांचे ढीग.
3 खुराड्यातच मेलेली, मुंडकं नाही, धड कामट्यांना टेकून जागेवर.
1 सकाळी पाण्यावर तरंगताना मिळालं, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

शिवाय 12 दिवसांच्या 15 पिल्लांतली 6 दिवसाउजेडी नाहीशी. पीस नाही, रक्त नाही.

पैसे एकदम सगळीकडे घालता येणार नाहीत. आधी काय करावं: कुंपण बदलू, तळ्यात मधोमध तरंगतं घर करू, की झटका तार लावू?

चिरेबंदी

ही 9 बदकं एकाच जनावराने नेलेली नाहीत. तीन वेगवेगळी कारणं दिसतात, म्हणून एका उपायाने काम भागणार नाही. पण पहिला पैसा खुराड्यात घाला, बाकीचं नंतर.

मुंडकं नसलेली तीन पाहा. जनावर आत आलेलंच नाही. बाहेर कांडेचोर (उदमांजर) किंवा रानमांजर फिरू लागलं की बदकं घाबरून एका भिंतीला गोळा होतात. एखाद्याची मान फटीजवळ आली की पंजा आत घालून ओढतात. धड फटीतून निघत नाही, मग हाताला लागलं तेवढंच खाऊन जातात. कामट्यांच्या खुराड्यात हे होणारच. दोन इंची चेनलिंक भिंतीला लावली तरी होईल, कारण त्यातून पंजा आरामात जातो.

त्यामुळे भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग पूर्ण बंद हवा. तुमच्याकडे चिरा मिळतो, जोतं चिऱ्याचंच करा. बदकं जमिनीवर बसून झोपतात, कोंबड्यांसारखी दांडीवर चढत नाहीत, म्हणून धोका असतो तो या खालच्या पट्ट्यात. त्याच्या वर कौलांपर्यंत अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी) लावा. हवा खेळायलाच हवी, नाहीतर कोकणातल्या दमटपणात विष्ठेचा अमोनिया साठतो आणि डोळे येतात. षटकोनी कोंबडीजाळी लावू नका. तिची तार पिळलेली असते, वेल्ड केलेली नसते. कुत्रा दातांनी एक पीळ सोडवतो आणि पुढचे आपोआप उलगडतात. खाऱ्या हवेत ती लवकर गंजते ते वेगळंच. वेल्डमेश घेताना आधी वेल्ड करून मग जस्त चढवलेली मागा. उलट क्रमाने केलेली जाळी सांध्यांवरच गंजून सुटते.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने ठोका. जनावर बाहेरून रेटतं, तेव्हा जाळी चौकटीवर दाबली जायला हवी. आतून ठोकली तर प्रत्येक धक्क्याला खिळे उपटतात. यू-खिळ्यांवर विसंबू नका, दर चार-पाच इंचांवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारा.

कौलांखालीही तीच जाळी हवी. कांडेचोराला कौल सरकवायला वेळ लागत नाही, आणि बहुतेक लोक भिंती पक्क्या करून छप्पर तसंच ठेवतात. जमिनीला 3 इंचांचा कोबा, मोरीकडे उतार, मोरीच्या तोंडाला जाळी. घूस कोब्याखालून पोखरते, पण कोब्यात जाळी घातली असेल तर वर येऊ शकत नाही.

माप: मोठ्या बदकाला आत 4 चौरस फूट. उरलेली 31 आणि वाचलेली 9 पिल्लं मिळून 40 धरा, म्हणजे 160 चौरस फूट, 10 बाय 16. खाली भाताचं तूस तीन-चार इंच. दर तीन-चार माद्यांमागे एक अंड्याचं खोकं, फूटभर लांबरुंद. नाहीतर बांधावरच्या झुडपात अंडी घालायची सवय लागते, आणि मग घोरपड-मुंगूस रोजचे पाहुणे.

दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. कडीला नुसता खिळा अडकवू नका, स्प्रिंगचा हुक घाला.

तांबडीमाती

खुराडं कितीही पक्कं केलंत तरी 15 बदकं पाण्यावर राहत असतील तर उपयोग काय? कोंबडी तिन्हीसांजेला आपोआप घरी येते. बदकाला तशी ओढ नसते, शिकवावं लागतं.

नवं घर झालं की सगळी बदकं 7 ते 10 दिवस घरात आणि समोरच्या लहान बंदिस्त अंगणात कोंडून ठेवा, तळं दाखवूच नका. पिण्याचं पाणी मात्र खोल भांड्यात द्या, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडायला हवी. मग सोडायला लागलात की दिवसाचं खाणं दोन भागांत करा. अंड्यावरच्या खाकी कॅम्पबेलला रोज 130 ते 150 ग्रॅम खाद्य लागतं. त्यातलं निम्म्याहून जास्त संध्याकाळी द्यायचं आणि फक्त घरातच. सकाळी पोटभर दिलंत तर संध्याकाळी डबा वाजवून काही होत नाही. चुकते ते इथेच.

हाकताना दोन माणसं, दोन लांब बांबू. पाठीमागून धावायचं नाही. बदकं कळपाने चालतात, एक पुढे वळलं की बाकीची वळतात. पाण्यातल्यांना काढायला दगड मारू नका, दुसऱ्या दिवशी ती काठावर येईनाशी होतात. तळ्यावर आडवी दोरी धरून दोघांनी दोन काठांनी हळूहळू पुढे यायचं.

वेळ घड्याळावर ठरवू नका. कोकणात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, जूनमध्ये सातनंतर. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास दार बंद व्हायला हवं. कोल्हा आणि रानमांजर नेमकी त्या संधिप्रकाशात निघतात. सकाळी आठ-नऊच्या आत सोडू नका. कॅम्पबेल पहाटे अंडी घालते, त्यामुळे अंडीही घरातच मिळतात.

ड्रमवाला

तरंगत्या घराला सगळे नाकं मुरडतात, पण जिथे राखणीला माणूसच नसतो तिथे तो चांगला पर्याय आहे. हिशेब असा. 35 बदकं 1.8 किलोने 63 किलो. 10 बाय 9 फुटांचा पाट, जीआय पाइपची चौकट, फळ्या, छप्पर मिळून सहज दोन-अडीचशे किलो. चार कोपऱ्यांना 200 लिटरचे बंद प्लास्टिक ड्रम बांधले तर ते साडेसातशे किलो तोलतात. एवढं जास्त लागतं, कारण घाबरलं की सगळी बदकं एका कडेला धावतात आणि कमी तोलाचा पाट कलंडतो.

काठापासून निदान 15 फूट लांब. दोन विरुद्ध काठांवरून दोऱ्या, पाणी उतरलं की आवळायच्या. चढायची फळी बिजागरीवर, 30 अंशांहून कमी चढ, दर 5 इंचांवर आडवी पट्टी.

चिरेबंदी

@ड्रमवाला हिशेब बरोबर आहे, पण या तळ्यावर मी ते सुचवणार नाही. रानमांजर पोहतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये तळं निम्म्यावर येतं, तेव्हा उतरत्या बाजूंमुळे पाण्याचा पृष्ठभाग आक्रसतो आणि काठापासूनचं अंतर कमी होतं. आणि तरंगत्या घराचं दार रोज रात्री लावायला जाणार कोण? दार नसलेलं घर म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखं.

दुसरं, पाण्याचं. मासे आणि बदकं एकत्र ठेवताना साधारण हेक्टरी 200 ते 300 बदकं धरतात. तुमचं तळं 400 चौरस मीटर, म्हणजे 8 ते 12 बदकांचं. 40 बदकांची रात्रभराची विष्ठाही त्यातच पडली तर पहाटे प्राणवायू घटून रोहू-कटला वर येऊन तोंड उघडताना दिसतील. रात्री बदकं जमिनीवर ठेवा आणि दिवसा चार-पाच तासच पाण्यात सोडा. मासेही वाचतील.

आता तरंगत मिळालेलं, जखम नसलेलं बदक. ते बहुधा बुडालंय. हो, बदक बुडतं. 1.5 ला 1 उताराच्या ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाहीत. सांडव्याशी काही धडपडलं की बदकं पाण्यात जातात, रात्रभर बाहेर येता येत नाही, पिसं भिजून जड होतात. चारही बाजूंना काथ्याची जाड चटई किंवा दोरीने ओवलेले जुने टायर बांधावरून थेट तळापर्यंत सोडा. पाण्याच्या आजच्या पातळीपर्यंतच सोडलेत तर मार्चमध्ये ते कोरडे लटकत राहतील. बांधावर खुंटी ठोकून बांधा, अस्तराला भोक पाडू नका.

जाळीकाम

कुंपणाचं. पिसांचे ढीग एकाच बाजूला आहेत म्हणजे येण्याजाण्याची वाट ठरलेली आहे. ढिगातलं एक मोठं पीस उचलून देठ बघा. चावून तुटलेला, चेपलेला असेल तर कोल्हा किंवा कुत्रा. देठ टोकापर्यंत शाबूत असेल तर शिकारी पक्ष्याने उपटलंय. ठसा मिळाला तर चार बोटं आणि नखांची टोकं उमटली तर कोल्हा-कुत्रा, चार बोटं आणि नखं नाहीत तर मांजरवर्ग, पाच बोटं तर मुंगूस किंवा कांडेचोर. कुत्री आणि कोल्हा यांत फरक असा की कोल्हा एक उचलून घेऊन जातो. कुत्री सात-आठ मारून तिथेच टाकून देतात, खातही नाहीत.

काहीही निघो, कुंपणात तीन कमतरता दिसतात.

एक, खालची जाळी. 2 इंची चौकटीतून मुंगूस अंग चोरून जातं. चेनलिंक काढू नका, खाली बाहेरून अर्धा इंची वेल्डमेश बांधा, 4 फुटी रोल. त्यातली अडीच फूट उभी, उरलेली दीड फूट जमिनीवर बाहेरच्या दिशेने आडवी. इंग्रजी एल अक्षरासारखी. आडव्या भागावर दोन-तीन इंच माती आणि वर दगड. जनावर कुंपणाच्या बुडाशी उकरतं, जाळी लागते, दीड फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. उभी जाळी दोन फूट गाडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि जांभ्यात चर खणायचा त्रासही वाचतो. बांधासकट कुंपणाचा घेर 25 बाय 25 धरला तर 100 मीटर जाळी. खांब अडीच मीटरवर, म्हणजे 40, कोपऱ्यांना तिरके टेकू.

दोन, वरचं टोक. 5 फुटी ताठ कुंपण मांजर आणि कांडेचोर शिडीसारखं चढतात. वर दीड फूट जाळी सैल सोडा, बाहेर कललेली, वरून तार न ओढलेली. वजन पडलं की ती लवते आणि जनावर मागे पडतं. कुंपणाला टेकलेली फांदी असेल तर हे सगळं वाया.

तीन, सांडवा. नव्वद टक्के लोकांचं कुंपण इथे येऊन थांबतं, म्हणजे आकडा माझ्या मनचा, पण कुठलंही तळं बघा. पाणी बाहेर जायचा पाट मोकळा सोडलेला असतो. तिथे घट्ट जाळी बसवली तर पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि जाळीसकट बांध जातो. म्हणून वरून बिजागरीवर टांगलेली झडप करा, उभ्या सळ्यांची, सळ्यांत एक इंच अंतर. पाण्याच्या रेट्याने बाहेर उघडते, पाणी ओसरलं की वजनाने मिटते. खाली दगडी उंबरा हवा, नाहीतर झडपेखालची माती वाहून जाऊन तिथेच भगदाड पडतं. आवकेचा पाइप 4 इंची असेल तर त्याच्याही तोंडाला जाळी. मुंगूस पाइपातून येतं.

तळ्याकाठी

देठ चावलेले आहेत. सांडव्याच्या चिखलात चार बोटं, नखं स्पष्ट. झडप करतोच. झटका तारेचं कोणी सांगेल का? इथे एक जण म्हणतो, मशीन कशाला, रात्री घरची लाइन जोड आणि सकाळी काढ.

सोलरतार

घरची लाइन अजिबात जोडू नका. 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, पकडलेला हात सुटत नाही, माणूस मरतो आणि तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. तळ्याकाठी तर जमीनही ओली. झटका मशीन साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा ठोका देतं. व्होल्टेज हजारांत, पण ऊर्जा थोडी. मधल्या वेळेत सुटायला मिळतं, म्हणून ते चालतं.

100 मीटर घेराला अर्ध्या ते एक ज्यूलचं सौर मशीन पुरतं. मोठं घेऊ नका. कुंपणाच्या बाहेर एक वीत अंतरावर दोन तारा, जमिनीपासून 6 इंच आणि 12 इंच. वर तिसरी हवी असेल तर कुंपणाच्या माथ्यावर, चढणाऱ्यांसाठी. जनावर आधी नाक लावतं, म्हणून खालची तार महत्त्वाची.

लोकांचं मशीन 'चालत नाही' त्याची कारणं जवळजवळ नेहमी दोनच. पहिलं अर्थिंग. एक फूटभर सळई ठोकून मोकळे होतात. तीन-तीन फुटी तीन गज हवेत, एकमेकांपासून तीन मीटरवर, ओलसर जागी. कातळावर माती कमी असेल तर तळ्याच्या पाझराच्या बाजूला ठोका. एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा गजांशी बादलीभर पाणी. दुसरं गवत. पावसाळ्यात आठ दिवसांत गवत खालच्या तारेला टेकतं आणि ठोका जमिनीत उतरतो. टेस्टरने मशीनपासून सगळ्यात लांबच्या टोकाला मोजा. 4 हजार व्होल्टच्या खाली आलं की गवत काढायची वेळ झाली.

वेल्डमेशला तार टेकू देऊ नका. पिवळी पाटी लावा, लहान मुलांना सांगून ठेवा. बदकं आत असल्याने त्यांना तारेचा काही त्रास नाही.

लुकलुकणारे दिवे, रेडिओ वगैरे आठ-दहा दिवस काम करतात, मग कोल्हा त्याच्या उजेडात येतो. लावायचेच तर दर तीन-चार दिवसांनी जागा बदला.

घारीचाडोळा

पिल्लांबद्दल कोणी बोललं नाही. दिवसा, पीस-रक्त न ठेवता 12 दिवसांचं पिल्लू जातं तेव्हा संशयित चार: घार, डोमकावळा, घोरपड आणि पाण्याखालून मरळ (शिकारी मासा). पऱ्याचं पाणी आत येतं म्हणजे मरळ आलेली असू शकते. ती पिल्लाला पायाला धरून खाली नेते, पाण्यावर एक तरंग उठतो, बस. आवकेवर बारीक जाळीची पिशवी बांधा.

मुळात 12 दिवसांची पिल्लं तळ्यावर हवीतच कशाला? यंत्रात उबवलेल्या पिल्लांच्या अंगाला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, त्यांची लव पाणी पिते. खाकी कॅम्पबेल खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, म्हणजे तुमची पिल्लं यंत्रातलीच किंवा कोंबडीखालची असणार. चार आठवडे होईपर्यंत त्यांना परातीतलं पाणी पुरे. बंदिस्त पिंजरा करा, बाजूंना आणि वरूनही अर्धा इंची जाळी. वरून मासेमारीचं जाळं टाकू नका. साप, घुबड, खंड्या अडकून मरतात, आणि एक इंची भोकातून धामण सहज आत जाते. पिल्लू गिळून फुगली की बाहेर निघता येत नाही, सकाळी तीही आतच मिळते. त्या वेळी काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

पिसं पुरती यायला सात-आठ आठवडे लागतात. मोठ्या कॅम्पबेलला घार उचलत नाही. तळ्यावर घारीसाठी 2-3 मिलिमीटरची पांढरी नायलॉन दोरी मीटर-दीड मीटर अंतराने आडवी बांधली की झेप घेता येत नाही, आणि पाणकावळ्यापासून मासेही वाचतात. बारीक पारदर्शक तंगूस नको, तो पक्ष्यांना दिसत नाही आणि पंख कापतो. 20 मीटरला दोरी झोळते, मधे 12 गेजची एक जीआय तार टर्नबकलने (तार ताणायच्या आट्याच्या कडीने) ताणून तिच्यावर टेकवा.

विहीरबांध

हंस पाळा! चार हंस असले की कोल्हा जवळ येत नाही.

जाळीकाम

हंस ओरडतो एवढंच. ओरडणं ऐकून उठणारा माणूस जवळ हवा. कोल्हा हंसालाही नेतो, नऊ बदकांत दहावा धरा.

तांबडीमाती

फासे आणि विषाचं आमिष कोणी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, कांडेचोर, घोरपड सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. विष तर गावच्या कुत्र्यांना आणि घारींनाही लागतं. शिवाय एक कोल्हा गेला की मोकळ्या हद्दीत दुसरा येतो, सांडवा उघडा तो उघडाच. बिबट्याचा ठसा दिसला तर जाळीच्या भरवशावर राहू नका, वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

मेलेलं बदक बांधावर फेकू नका. वासाने तीच वाट पुन्हा धरली जाते. खोल खड्डा, चुना, वर दगड. आणि जखम नसलेली एकापेक्षा जास्त बदकं एकदम मेली तर ते शिकारी जनावर नाही. हात लावू नका, पशुसंवर्धनच्या दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. हिवाळ्यात रानबदकं तळ्यावर उतरत असतील तर आपलं खाद्य उघड्यावर ठेवू नका.

तळ्याकाठी

म्हणजे क्रम असा लावतो: या आठवड्यात सांडव्याची झडप आणि चटया, पिल्लं पिंजऱ्यात. मग खुराडं. जाळी आणि तार त्यानंतर. नवं घर होईपर्यंत कामट्यांच्या खुराड्याचं काय करू?

चिरेबंदी

आतून दोन फूट उंचीपर्यंत पत्रा लावा, जुना चालेल, कडा दुमडून. कौलांखाली तात्पुरती जाळी. पत्रा आणि जमीन यांत बोट जाईल एवढी फट राहिली तर चिरे लावून बुजवा. 31 बदकं त्यात दाटीने बसतील, तूस रोज पालटा. आणि आत एक मिणमिणता दिवा ठेवा. मिट्ट काळोखात बाहेर खुट्ट झालं की ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.